राउटरच्या पोटातलं दफ्तर

येत्या गुरुवारी अकराच्या आत तो राउटर ताळ्यावर आला, तर दफ्तरकाकांचा तिहेरी फायदा होता. पहिला फायदा सगळ्यांना दिसणारा: काकूंचा विणकामाचा वर्ग वाचणार होता. काकू लॅपटॉपसमोर बसून अकरा बायकांना ऑनलाइन विणकाम शिकवत, आणि गुरुवारी एका महिला केंद्राच्या संचालिका पडद्यावर हजर राहून तो वर्ग स्वतः बघणार होत्या. त्यांना पटलं, तर केंद्रातल्या तीस बायका काकूंकडे येणार होत्या. दुसरा फायदा काका चारचौघांत बोलत नसत: मेहुण्याचं तोंड बंद होणार होतं. तिसरा त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केला नव्हता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत त्यांना कोणी एकही अवघड गोष्ट विचारायला आलं नव्हतं. राउटर सुधारला, तर इमारतीतली माणसं निदान राउटरचं तरी विचारायला येतील, अशी एक बारीकशी आशा त्यांनी आतल्या खिशात जपून ठेवली होती.

तोट्याच्या बाजूला काकांना काहीच दिसेना. बहुतेकांचा हिशेब याच बाजूला चुकतो, पण ते पुढे येईलच.

काकांना दफ्तरकाका म्हणायचं कारण असं, की ते चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या दफ्तरखान्यात होते आणि त्यातली शेवटची वीस वर्षं तिथले प्रमुख होते. दफ्तरखाना म्हणजे जिथे कागद झोपतात ती जागा. काकांच्या दफ्तरखान्यात कागद शिस्तीत झोपत. संध्याकाळी कुणाच्याही टेबलावर एक चिटोरा राहता कामा नये. टेबलावरचा कागद म्हणजे कागदच नव्हे. तो कपाटात गेला, नोंदला गेला, कुलूपबंद झाला, की मग तो कागद. आणि शेवटचा माणूस बाहेर पडताना मेन स्विच खाली. कारण कागदाचे शत्रू तीन: वाळवी, पाणी आणि विजेची ठिणगी. हे सगळं काका इतक्या वेळा सांगत, की काकूंना ते सुया न थांबवता ऐकता येई.

या शिस्तीचा एक किस्साही होता. एकोणीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी फेरी मारताना काकांना एका कनिष्ठ लिपिकाच्या टेबलावर तीन कागद सापडले. हा लिपिक उंच आणि सडपातळ, म्हणून सगळे त्याला काठी म्हणत. काकांनी दुसऱ्या दिवशी काठीच्या सेवापुस्तकात शेरा मारला: 'टेबलावर तीन कागद ठेवून निघून गेले.' काठीची बढती एक वर्ष लांबली. "पण त्यानंतर," काका बोट वर करून सांगत, "दफ्तरखान्यात एक कागद उघडा राहिला असेल तर शपथ."

आता राउटर. तो मेहुण्याने दिलेला. काकूंच्या या धाकट्या भावाच्या ऑफिसने एक शाखा बंद केली, तेव्हा तिथला राउटर भंगारात निघाला. मेहुण्याने तो उचलून ताईच्या घरी आणला. घरोघरी असतो तसला दोन कान उभारलेला पांढरा डबा नव्हता तो. शिवणयंत्राइतका जड, काळा लोखंडी पेटारा होता. त्याच्याशी बोलायचं तर लॅपटॉपला निळी वायर जोडून काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करावी लागे. मेहुण्याने एका मोठ्या कागदावर एकतीस ओळी लिहून दिल्या.

"भाऊजी, एवढ्या ओळी घातल्या की झालं. नीट सगळं वाचा हं, अगदी सगळं."

"अरे, मी चौतीस वर्षं..."

"तेच म्हणतो. तुम्हाला हे जमेलसं वाटत नाही, पण ताईसाठी ठेवून जातो."

अपमान हा एखाद्याला लगेच लागतो, एखाद्याला रात्रभराने. काकांना तो तिथल्या तिथे लागला. मेहुणा जिना उतरायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "याला पुन्हा या डब्याबद्दल फोन करणार नाही. केला तर नाव सांगणार नाही." मग त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत, एकतीस ओळी टाइप केल्या. डब्यावरचे दिवे हिरवे झाले, इंटरनेट आलं, काकूंचा वर्ग झाला. काका दिवसभर खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटाऱ्याला काहीही आठवत नव्हतं.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक नम्र प्रश्न होता, ज्याचा अर्थ असा: आपली ओळख नाही, नव्याने सुरुवात करायची का? काकांनी पुन्हा एकतीस ओळी टाइप केल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. रोज सकाळी काका नव्याने ओळख करून देऊ लागले. एका बोटाचा वेग बरा असेल तर पन्नास मिनिटं. एखादं अक्षर चुकलं तर दीड तास. तीन आठवड्यांत काकूंचा वर्ग दोनदा रद्द झाला, पाच वेळा उशिरा सुरू झाला, आणि अकरापैकी तीन बायकांनी सभ्य शब्दांत कळवलं, की त्यांना घरची कामं असतात.

"अहो, तो रात्री बंद केला की विसरतो, हे कळतंय ना?" काकू म्हणाल्या. "मग बंद करू नका की."

आता इथे वाचकाला सांगायला हवं, की काका घरीही झोपण्यापूर्वी फ्रिज सोडून सगळ्या घराची वीज तोडत. निवृत्त झाले तरी हाताला निवृत्ती नव्हती.

"अगं, ठिणगी पडायला एक क्षण पुरतो. आणि वीज काय फक्त माझ्याच हाताने जाते? कंपनीही घालवतेच. डुलकी लागली की कालचं विसरणाऱ्या माणसाला आपण आयुष्यभर जागं ठेवू का? त्याच्यावर उपचार करू."

काकू सुईवरचा चुकलेला फंदा उसवत म्हणाल्या, "शनिवार आहे आज. गुरुवारी संचालिका आहेत. तुमचा पेशंट तोवर बरा होऊ दे."

काका उपचाराला लागले.

पहिला सल्ला समोरच्या दारातून आला. समोर विमावाले राहत. त्यांचा धंदा विम्याचा असल्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तूत दुर्घटना दिसे. त्यांनी पेटाऱ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "तापतोय. तापात माणूस बरळतो, विसरतो, तसंच आहे हे. थंड ठेवा. आणि घराचा विमा आहे ना?"

काकांनी पेटारा दोन उपड्या वाट्यांवर ठेवला. विमावाल्यांनी स्वतःचा टेबलफॅन आणून दिला. रविवारी दिवसभर पेटाऱ्याला वारा मिळाला आणि काका घाम पुसत बसले. सोमवारी सकाळी पेटारा गार होता, प्रसन्न होता आणि त्याला काहीही आठवत नव्हतं.

मग काकांनी इंटरनेट कंपनीच्या तक्रारकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज इतका गोड होता, की नकार यायच्या आधीच कळला.

"सर, तो राउटर आमचा नाहीये. दुसऱ्याच्या यंत्राला आम्ही हात लावत नाही. आपल्या नावावर असल्याचं मूळ मालकाचं पत्र असेल, तर पाहणीची विनंती पुढे पाठवू शकते."

काकांचा चेहरा उजळला. पत्र! म्हणजे कागद. इतके दिवस शत्रूच्या मुलुखात लढत होते. आता लढाई घरच्या मैदानावर आली. ते इस्त्रीचा शर्ट घालून मेहुण्याच्या ऑफिसात गेले, मेहुण्याच्या खोलीला लांबून वळसा घालून, सरळ तळघरातल्या भांडारपालाकडे. भांडारपालाने जाड नोंदवही उघडली, बोट खाली सरकवत नेलं आणि एका ओळीवर थांबला.

"हा नंबर? हा नष्ट झालाय."

"नष्ट कसा? माझ्या घरी आहे. दोन वाट्यांवर ठेवलाय."

"साहेब," भांडारपाल आवाज खाली आणून म्हणाला, "नोंद बघा. 'समितीसमक्ष नष्ट केला.' खाली तीन सह्या आहेत. आता तुम्ही लेखी म्हणालात की तो तुमच्या घरी आहे, तर मला चौकशी लावावी लागेल. तिघांची. त्यातली एक सही तुमच्या मेव्हण्याची आहे."

काकांनी सही निरखून पाहिली. त्या क्षणी दुसरा एखादा मेहुण्यावर खूश झाला असता, की बघा, सापडला तावडीत. पण काका हाडाचे दफ्तरवाले. त्यांना वेगळंच लागलं. घरी एक वस्तू आहे, ती दिवे लावते, पंख्याचा वारा खाते, पण नोंदीनुसार ती अस्तित्वातच नाही. म्हणजे गेले तीन आठवडे ते जे टाइप करत होते ते कुणापुढे? ते मुकाट्याने परत आले. वाटेत त्यांनी स्वतःला समजावलं, की ज्याची नोंदच 'नष्ट' अशी आहे, त्याने तरी दुसऱ्याची नोंद का ठेवावी? यात पेटाऱ्याबद्दल थोडी सहानुभूतीही होती.

घरी आल्यावर विमावाले दारातच होते. त्यांनी चौकशी केली होती. "काका, तापाचं सोडा. मेमरी कमी आहे. माझ्या साडूच्या कॉम्प्युटरला अस्संच व्हायचं. मोठी मेमरी घातली, आता त्याला सगळं आठवतं. लग्नात मी काय बोललो तेसुद्धा."

हे काकांना पटलं. कपाट लहान असेल तर कागद मावणार कुठून? त्याच दुपारी त्यांनी स्क्रू काढून पेटाऱ्याचं झाकण उघडलं, आणि तिथे उपचार बाजूला राहून काका त्या दृश्यातच हरवले.

आत एक हिरवी पाटी होती. तिच्यावर बारीक चंदेरी रेषा अशा धावत होत्या, की एखादं शहर गच्चीवरून बघावं. मधोमध एक चौकोनी इमारत, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची उभी टोपी. कडेला दोन चिमट्यांत आडवी बसलेली एक लांबट पट्टी, तिच्यावर आठ काळे ठोकळे ओळीने. एका खाचेत बिस्किटाएवढं कार्ड. एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा किडा, आठ पायांवर. काकांनी नवी वही काढली आणि सूची केली: 'टोपीवाली इमारत, एक. आठ घरांची चाळ, एक. बिस्किट, एक. किडा, एक. काम: अज्ञात.' ते दोन तास तिथे वाकून होते. काकूंनी दोनदा चहाचं विचारलं, पण ते त्यांनी ऐकलंच नाही.

"सापडलं काही?" काकूंनी शेवटी जवळ येऊन विचारलं.

"अगं, हे आख्खं ऑफिस आहे," काका हळूच म्हणाले. "इथे कुणाकडे तरी काहीतरी राहून जातंय. कुणाकडे, तेवढंच कळायचंय."

काकूंनीही वाकून पाहिलं. "ती चाळ तिरकी बसलीय का?"

"नाही, ती तशीच असते," काका म्हणाले. त्यांनी ती पाच मिनिटांपूर्वी स्वतःच काढून परत बसवली होती.

मंगळवारी काकांनी चाळीचा नमुना घेऊन बाजार पालथा घातला आणि दुप्पट मेमरीची पट्टी पैदा केली. ती चिमट्यांत दाबली, बटण लावलं. एक नारिंगी दिवा तीनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा तीनदा. काळ्या पडद्यावर काहीच नाही. कालपर्यंत पेटारा निदान रोज सकाळी ओळख विचारत होता. आता तो तेही विचारेना. काकांनी जुनी पट्टी परत घातली. तोच नारिंगी दिवा, तेच तीनदा लुकलुकणं.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी उरलेल्या आठ बायकांना उद्याच्या वर्गाची सुट्टी कळवली आणि संचालिकांना द्यायच्या नमुन्याचं गळ्याचं विणकाम तसंच पुढे चालू ठेवलं. बायको बोलली की उत्तर देता येतं. त्या संध्याकाळी काकांनी दोन वेळा न विचारता उत्तर दिलं.

बुधवारी सकाळी त्यांनी पेटारा कापडी पिशवीत घालून उचलला. त्यांना दुरुस्तीवाल्या ताईंकडे जायचं होतं. या ताई बाजारातल्या एका जिन्याखालच्या गाळ्यात बसत; डोळ्याला भिंग, हातात तापलेली सळई, आणि गिऱ्हाइकाने काय सांगितलं त्यावर अजिबात विश्वास न ठेवण्याची सवय. काकांनी वहीतली सूची वाचायला सुरुवात केली. ताईंनी तोवर झाकण उघडून अंगठ्याने ती लांबट पट्टी दाबली. दोन्ही बाजूंचे चिमटे कट कट वाजले. वीज जोडताच दिवा हिरवा झाला.

"अर्धी बसली होती," ताई म्हणाल्या.

काकांना आठवलं, की हे कुणीतरी आधी म्हटलं होतं. कुणी, ते त्यांनी आठवू दिलं नाही. "पण ताई, मूळ दुखणं वेगळंच आहे. याला रोज विसर पडतो. म्हणून मी मोठी मेमरी आणली."

"काका, तुम्ही नोकरीला कुठे होतात?"

"दफ्तरखान्यात. प्रमुख."

"मग तुम्हाला तर हे सोपंय." ताईंनी भिंग कपाळावर सरकवलं. "ही टोपीवाली इमारत म्हणता ना, तो इथला एकुलता एक लिपिक. प्रोसेसर. हात विजेसारखा, पण डोक्यात काही ठेवत नाही, सगळं समोर मांडलेलं लागतं. ही तुमची चाळ म्हणजे त्याचं टेबल. रॅम. जे काम चाललंय ते सगळं इथे पसरलेलं. पण वीज गेली, की टेबल साफ. एक कागद राहत नाही."

"साफ?" काकांनी वही मिटली. "रोज?"

"रोज. हे बिस्किट म्हणजे कपाट, फ्लॅश. यात नियमांचं मोठं पुस्तक. वीज गेली तरी शाबूत. हा तुमच्या सूचीतून राहिलेला ठोकळा, रॉम, म्हणजे तुमचा जुना शिपाई. त्याला एवढंच येतं: सकाळी दार उघडायचं, टेबल-खुर्ची जागेवर आहे का बघायचं, लिपिकाला उठवायचं आणि कपाट कुठे आहे ते दाखवायचं. त्याला तेवढं जन्मापासून पाठ असतं. आणि हा किडा म्हणजे लिपिकाचा कुलपाचा ड्रॉवर. लहानसा आहे, पण वीज गेली तरी आतलं जात नाही. लिपिक पुस्तक टेबलावर मांडतो आणि मग हा ड्रॉवर उघडतो, आज काय करायचं याचा हुकूम बघायला. तुमच्याकडे काय होतं माहितीय? ड्रॉवर रिकामा. म्हणून तो विचारतो, नव्याने सुरुवात करायची का?"

"पण मी रोज एकतीस ओळी घालतो!"

"घालता हो. टेबलावर." ताई हसल्या. "त्या उचलून ड्रॉवरमध्ये कोण ठेवणार? त्याचा वेगळा हुकूम असतो, एका ओळीचा. तो कुणी दिलाय का आजपर्यंत? आणि तुम्ही आणलीत ती मोठी पट्टी म्हणजे मोठं टेबल. जास्त कागद पसरता येतील. संध्याकाळी तितकेच जास्त उडतील."

काका खुर्चीवर बसले. म्हणजे तीन आठवडे, रोज, सगळेच्या सगळे कागद टेबलावर टाकून मेन स्विच खाली करून झोपायला जाणारा माणूस कोण? त्यांनी किस्सा सांगायला तोंड उघडलं होतं, तीन कागदांचा; ते तसंच मिटलं.

"तो हुकूम काय असतो?" त्यांनी विचारलं.

"यंत्रागणिक वेगळा असतो. ज्याने बाकीच्या ओळी लिहून दिल्या, त्याने तो लिहिलाच असणार. त्याच्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ काय? बघा नीट."

काकांनी घरी येऊन नीट बघितलं. मेहुण्याचा कागद त्यांनी जपून ठेवला होता. सुटा कागद हरवतो, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी तो पुठ्ठ्याच्या वहीच्या पहिल्या पानाला चारी कडांनी आणि मधून डिंक लावून चिकटवला होता. एकतीस ओळी होत्या. बत्तिसावी नव्हती. "बघितलंस? लिहिलंच नाही त्याने," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा सुटका जास्त होती. दोष मेहुण्याकडे वळवता आला, की डिंकासारखा चिकटतो.

पण फोन करायचा नव्हता. संध्याकाळी त्यांनी एकतीस ओळी घातल्या, इंटरनेट आलं, काकूंनी सुस्कारा सोडला. "आज रात्री वीज राहू दे," त्या म्हणाल्या. "राहू दे," काका म्हणाले, मनापासून. आणि झोपायला जाताना, दिवसभर तीच गोष्ट डोक्यात असताना, त्यांचा उजवा हात आपणहून वर गेला आणि मेन स्विच खाली आला.

गुरुवारी सकाळी पेटाऱ्याने नम्रपणे विचारलं, नव्याने सुरुवात करायची का?

काका नऊला बसले. घाईत चुका जास्त झाल्या. एकतिसावी ओळ पडली तेव्हा साडेदहा वाजले होते. दिवे हिरवे झाले.

"आता हात लावू नका कशाला," काकू म्हणाल्या. त्या गळ्याचा पूर्ण झालेला नमुना मांडीवर उलटा करून तपासत होत्या. विणकाम पुढून सगळ्यांचं सुंदर दिसतं. कुठे गाठ मारली, कुठे फंदा चुकवून पुढे गेलो, ते मागून कळतं. मग त्यांची नजर वहीकडे गेली. त्या थांबल्या.

"अहो. या कागदाची उलटी बाजू कुठाय?"

"उलटी? ती चिकटवलीय."

"तिकडे काय लिहिलंय?"

"तिकडे काय असणार..." आणि काकांना मेहुण्याचं वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं: नीट सगळं वाचा हं, अगदी सगळं. त्यांनी पान खिडकीशी उजेडावर धरलं. एकतीस ओळींच्या आरपार, उलटी, अंधुक, आणखी अक्षरं होती.

काकूंनी विणकामावर वाफ द्यायची इस्त्री आणली. एका कोपऱ्यापासून वाफ देत, बोटाने सोडवत, त्यांनी तो कागद वहीच्या पानावरून असा उचलला, की एक अक्षरही फाटलं नाही. मागे तीन शब्दांची एक ओळ होती आणि खाली मराठीत: 'भाऊजी, ही शेवटची ओळ विसरू नका. ही नसेल तर पुढच्या बाजूच्या एकतीस ओळी रोज घालाव्या लागतील.'

आजवर काकांनी हजारो कागद जपले होते. नेमका हाच त्यांनी इतका पक्का जपला, की तो वाचायची सोयच राहिली नव्हती.

त्यांनी ती ओळ टाइप केली. पेटाऱ्याने दोन क्षण विचार केला आणि लिहिलं: ठीक. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. पुढे जे झालं ते काकूंनी नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. काका उठले, शांतपणे दाराजवळ गेले आणि मेन स्विच खाली केला.

"अहो!" काकूंच्या हातातून सुया सुटल्या. "तेरा मिनिटं राहिलीत! वेड लागलंय का तुम्हाला?"

"नोंद केली की पडताळणी करावी लागते," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे चमकत होते. "मला बघायचंय, गं. आत काय होतं ते बघायचंय." आणि त्यांनी स्विच वर केला.

मग दोघं गुडघ्यावर बसून पेटाऱ्याकडे बघत राहिली. काका कुजबुजत होते, "शिपाई उठला... टेबल तपासतोय, बघ, आकडे मोजतोय... आता लिपिकाला उठवलं... कपाटातून पुस्तक काढतोय, मोठं आहे, म्हणून हे टिंबटिंब... मांडलं टेबलावर..." काकूंना राग धरून ठेवायचा होता, पण त्याही पुढे वाकल्या.

"आता?"

"आता ड्रॉवर."

पडदा क्षणभर थबकला. रोजचा नम्र प्रश्न आला नाही. एकामागून एक ओळी आपोआप सरकल्या, दिवे एकेक करत हिरवे झाले, आणि काकूंच्या लॅपटॉपवर इंटरनेटची खूण उमटली. दहा बावन्न. काकूंनी साडीचा पदर नीट केला आणि खुर्चीत बसल्या. काका जमिनीवरच बसून राहिले.

वर्ग झाला. संचालिकांनी सगळं बघून एकच गोष्ट मागितली: "ताई, त्या गळ्याची मागची बाजू दाखवता का?" काकूंनी दाखवली. तीस बायका पुढच्या सोमवारपासून ठरल्या.

दुपारी काकांनी मेहुण्याला फोन केला, आणि नाव सांगितलं. सगळं ऐकून मेहुणा एवढा हसला, की काकांना रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. "भाऊजी, तुम्ही तो चिकटवलात? डिंकाने?" काकांनी शांतपणे विचारलं, "आणि तू एक चालू यंत्र समितीसमक्ष नष्ट केलंस?" पलीकडे हसू एकदम थांबलं. मेहुण्याचं तोंड अशा प्रकारे खरोखर बंद झालं, साधारण पाच सेकंद.

दुसरा फोन त्यांनी काठीला केला. काठी आता त्यांच्याच जागेवर, दफ्तरखान्याचा प्रमुख होता. काकांना हे सांगणं सोपं गेलं नाही. पण ड्रॉवर, टेबल, एकतीस ओळी, सगळं त्यांनी सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या त्या शेऱ्याबद्दल म्हणायचं होतं. तीन कागदांचा. तू विसरला असशील."

"नाही साहेब," काठी म्हणाला. "दोन होते."

"काय?"

"माझे दोन होते. तिसरा तुमचा होता. दुपारी तुम्ही माझ्या टेबलावर सही करायला टेकलात आणि विसरून गेलात. तुमच्या टेबलावर नेऊन ठेवायचा, तर तुम्ही जागेवर नव्हतात आणि रिकाम्या टेबलावर कागद ठेवायला बंदी. मग तो ठेवायचा कुठे, या विचारात माझे दोनही राहिले."

काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. काका म्हणाले, "तो शेरा काढून टाक."

"काढता येत नाही, साहेब. पक्क्यात गेलेलं खोडायचं नाही, हा तुमचाच नियम. जोडपत्र मात्र लावता येतं. अर्ज आणा, दोन प्रतींत."

शुक्रवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आपल्याच जुन्या कचेरीच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. मागे येऊन उभ्या राहिलेल्या माणसाने विचारलं, "काका, ही रांग कशाची, सांगता का?" काकांनी सविस्तर सांगितलं. दोन वर्षांत त्यांना कुणीतरी काहीतरी विचारलं, ते हेच.

काठीने अर्जावर शिक्का मारला, जोडपत्र सेवापुस्तकात लावलं, ओढून बघितलं आणि सेवापुस्तक कपाटात ठेवून कुलूप घातलं. हिशेब असा मिटला: काकूंना तीस बायका मिळाल्या. विमावाल्यांना पंखा परत मिळाला, पॉलिसी नाही. राउटर अजून नष्टच आहे आणि चालू आहे. कागद एकूण तीन होते. दोहोंची भरपाई काठीने केली, एक पूर्ण वर्ष. तिसऱ्याची काकांनी, एकोणीस वर्षं उशिरा, दोन प्रतींत.